ओंडक्यापाशी

"अजून तिथंच तुम्ही, क्लेम?" काठावरून ब्रॉनीने विचारलं.

"मासा इथंच आहे, मग मी कुठं जाऊ?" क्लेम हार्टिगन म्हणाला आणि त्याने गळ पुन्हा लांब फेकला. तोंडावर हसूही आणलं. पाणी मांड्यांपर्यंत होतं, आणि त्याखाली त्याचा उजवा पाय जाळ्यात घट्ट गुंतला होता.

या नदीत जाळं लावणं गुन्हा. आणि ब्रॉनी प्रीस्ट मत्स्यखात्याची अधिकारी.

तिची गाडी आली तेव्हा क्लेम आपलं जाळं काढायलाच पाण्यात उतरला होता. ते बुडालेल्या ओंडक्याला लागून असायला हवं, पण दोन हात अलीकडेच पायाला लागलं. प्रवाहाने सरकलं असेल, असं म्हणत त्याने पाय ओढला, तर आणखी दोन फास बसले. वर बघतो तो काठावर खाकी टोपी. नशीब, हातात गळाची काठी होती. सोंगासाठी ती तो नेहमीच बाळगायचा.

क्लेम गावच्या मासेमारी क्लबचा अध्यक्ष. पबच्या भिंतीवर त्याचे फोटो होते, प्रत्येकात हातभर रुंद तोंडाचा कॉड मासा आणि त्याच्या ओठाला लटकलेला, आमिषाचा पिवळा नकली मासा. तो पिवळा नकली मासा मग अर्ध्या गावाने विकत घेतला. खरी गोष्ट अशी की त्या पिवळ्या प्लास्टिकला आजवर एकही कॉड भुलला नव्हता. कॉड जाळ्यात यायचा. क्लेम त्याच्या ओठात गळ अडकवायचा, मग फोटो काढायला कुणालातरी हाक मारायचा आणि टाळ्यांच्या गजरात मासा सोडून द्यायचा. खाल्ला एकही नाही, म्हणून तो स्वतःला फारसा वाईटही समजत नसे. येत्या रविवारी शाळेची मुलं कॉडची पिल्लं नदीत सोडणार होती, आणि भाषण अर्थातच क्लेमचं होतं.

"जरा खाली वळणावर जाऊन बघा की," ब्रॉनी म्हणाली. "तिथं सावली आहे. कॉड उन्हात वर येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"इथं बरंय."

"अजून किती वेळ थांबणार?"

"का गं? तुला कसली घाई?"

"नाही, सहज." तिने ओंडक्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा ओंडक्याकडे.

चोराच्या मनात चांदणं. हिला माहीत आहे, क्लेमला वाटलं, आणि पोरगी मजा बघतेय.

ती खुशाल काठावर बसली. "वरच्या धरणातून शेतीला पाणी सोडलंय. चढतंय बघा."

बघायची गरज नव्हती. धरणाच्या तळाचं गारठलेलं पाणी कमरेला लागलं होतं. खिशात चाकू होता, पण तिच्यादेखत वाकून कापणार काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुसऱ्या कुणाचं जाळं म्हणावं, तर त्याला क्लबच्या बोटीची नारिंगी दोरी लावलेली. ती दोरी गावात शेंबडं पोरही ओळखेल.

"त्या पिवळ्यावर खरंच लागतो का हो?" ब्रॉनीने विचारलं. "बाबांनी सहा घेतले. अजून खेकडासुद्धा नाही लागला."

"हाताला कसब लागतं, पोरी."

"बाबा म्हणतात, क्लेमच्या हातात जादू आहे. आई म्हणते, जिभेत आहे."

एरवी तो मोठ्याने हसला असता. पाणी छातीला आलं होतं आणि दात वाजत होते.

"मागच्या महिन्यात कुणाच्यातरी जाळ्यात चार कासवं सापडली," ती सांगत होती. "मेलेली. श्वासाला वर यावंच लागतं ना त्यांना. वर यायला धडपडतात, तेवढी आणखी गुंततात."

ते जाळं क्लेमचंच होतं. तेव्हा त्याने खांदे उडवले होते, कासवांना काय तोटा? आता त्याला भीती वाटली, साधी, उघडी भीती. पाण्याचा लोट आला, हातातली काठी गेली आणि हनुवटी भिजली. फोटो गेले खड्ड्यात, अध्यक्षपद गेलं खड्ड्यात.

"ब्रॉनी! पाय अडकलाय माझा! जाळ्यात!"

"अहो, मग बोलायचं नाही का!" ती बुटांसकट पाण्यात धावली. "क्लेम, ऐका, ते जाळं..."

"माझंच आहे!" तो ओरडला. "माहितेय तुला, उगाच छळू नकोस! किती वर्षं लावतोय. पबमधले सगळे कॉड जाळ्यातले. ती कासवंही माझ्याच जाळ्यातली. लिहून घे, काय ते कर, पण काढ मला!"

ब्रॉनी जागच्या जागी थांबली. क्षणभरच. मग तिने श्वास घेतला आणि बुडी मारली. तिची बोटं त्याच्या घोट्याशी एकेक फास सोडवू लागली.

ती श्वासाला वर आली तेव्हा क्लेमने चाकू पुढे केला. "काप ना!"

"कापता नाही येणार," ती म्हणाली आणि पुन्हा खाली गेली.

पुरावा, क्लेमने मनात म्हटलं. तेही बरोबरच होतं.

पाय सुटला. तिने कॉलरला धरून त्याला काठावर ओढलं. तो गवतात पडून खोकत राहिला. लाज वाटत होती, पण किती वर्षांनी छाती मोकळी झाली होती. रविवारी भाषण दुसऱ्याने करावं. भिंतीवरचे फोटो आपणच जाऊन उतरवू, त्याने ठरवून टाकलं.

ब्रॉनीने जाळं ओढून काठावर घेतलं, आतले दोन लहान मासे ओल्या हातांनी अलगद पाण्यात सोडले आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"क्लेम," ती म्हणाली, "हे जाळं खात्याचं आहे. मासे मोजायला काल संध्याकाळी मीच लावलं होतं. तुमचं कुठंय?"