बाबांचा तांब्या

"टायफॉइड तिसऱ्यांदा उलटलाय," डॉक्टर वैतागून म्हणाले. "गोळ्या वेळेवर देता ना?"

"ती कशी चुकेल हो?" सुनेच्या आधी सासूबाईच बोलल्या. "स्वतःच्या हातानं जिभेवर ठेवते. माझ्या लेकाच्याच अंगात काही राहिलं नाही."

गल्लीतला पाइप गटारापाशी फुटल्यापासून ओट्यावर सकाळी पहिलं पातेलं पाण्याचंच चढायचं. आता तर आजाऱ्याचा तांब्यासुद्धा वेगळा. डॉक्टरांनी हात टेकले. "म्हणजे आमची औषधं पालथ्या घड्यावर पाणी," असं म्हणत त्यांनी आणखी जहाल अँटिबायोटिक दिलं. सासूबाई त्यांना पोचवायला खाली गेल्या.

नवरा कॉटवर मुटकुळं करून पडला होता. एरवी याच्या चपला जिन्यात वाजल्या की घरात कुणी हूं की चूं करत नसे. पहिल्या तापातून उठला तेव्हा बायकोनं देवाचे आभार मानले होते. त्याच आठवड्यात त्यानं पोरीचा हात पिरगळला. चहा आणायला उशीर झाला, एवढंच कारण. प्लास्टर निघालं तरी कोपर अजून सरळ होत नव्हतं. आता तोच उशी सरकवायलासुद्धा "जरा गं" म्हणायचा. ताप वाईट खरा, पण घराला त्याचा गुण आला होता. खोटं कशाला बोला?

बायकोनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि त्याच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून दिलं. तेवढ्यात पोरगी शाळेतून धापा टाकत आली. तिनं उशाचा तांब्या उचलून तोंडाशी नेला.

"त्यातलं नाही!" आई किंचाळली. तांब्या हिसकावून तिनं मोरीत उपडा केला. "ओट्यावरचं पी. उकळलेलं."

पोरगी आत पळाली. नवऱ्याचा पेला ओठाशीच थांबला. त्यानं पाण्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"मलाही... उकळलेलं दे ना," तो म्हणाला. "पुन्हा हात नाही उचलणार. पोरीची शपथ."

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"पहिल्या तापातही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली. "घ्या, नाहीतर गोळी कडू लागेल."