हेरंबचं विमान

"ताई, झाला का सुरू?" पलंगावर उशांना टेकून बसलेल्या हेरंबने विचारलं.

शलाका त्याच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली होती. त्यात तीन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या. सुरू करताना हवी ती निवडायची. सर्वांत जुन्या सिस्टिमवरच त्याचा विमानाचा गेम चालायचा. स्नायूंच्या आजाराने हेरंबचे पाय गेले, दंडातली ताकद गेली, पण बोटांनी तो जॉयस्टिकवर विमान उडवायचा. मग हार्ड डिस्क गेली. दुकानदार म्हणाले, "भंगारात द्या, आता याचे पार्ट मिळत नाहीत." शलाकाने जुन्या बाजारातून डिस्क शोधून आणली आणि इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारत, कित्येक महिने खपून सगळं पुन्हा बसवलं.

आज गेमची ओळखीची धून वाजली. तिने हेरंबच्या हातात जॉयस्टिक दिली. विमान धावपट्टीवर उभंच राहिलं.

"वायर सैल असेल," म्हणत ती वाकली.

"वायर ठीक आहे, ताई," तो हळूच म्हणाला. "मी दाबतोय, पण बोटच हलत नाहीये."

शलाका त्याच्या शेजारी बसली. त्याच्या बोटावर बोट ठेवून तिने बटण दाबलं. विमान धावायला लागलं.

"आता वर घे," तो म्हणाला. "सावकाश. पुढे डोंगर आहे."