गोपिकेचं वजन

फोटोला हार घातलेला होता. डॉक्टर वैरागडे उंबऱ्यातच थबकले.

"कधी?"

"सहा महिने झाले, डॉक्टरसाहेब," रुपराव खाली पाहत म्हणाले.

सहा महिने! डॉक्टरांच्या बॅगेत रुपरावांच्या नावानं पंधरा दिवसांपूर्वी आलेलं पोस्टकार्ड होतं. 'गोपिकाची तब्येत चांगली. वजन एकसष्ट किलो.' त्याच्या तीन महिने आधीच्या कार्डावर बासष्ट होतं.

शहात्तर साली रुपराव आपल्या या थोरल्या लेकीला मौद्याहून नागपूरला, रामदासपेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा तिचं वजन एकशे अठरा किलो होतं. वय चोवीस. डॉक्टरांनी तिच्या लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून वगळून टाकला होता, म्हणजे खाल्लेलं अंगी लागू नये. अशा अकरा बायका त्यांनी बारीक केल्या. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीनं कार्डावर वजन कळवायचं. त्या आकड्यांवरून त्यांनी निबंध लिहिला होता आणि येत्या रविवारी तो नागपुरात सर्जन मंडळींपुढं वाचायचा होता. सगळ्यांत देखणा आलेख गोपिकेचा. तिचा आताचा फोटो काढायला ते स्वतः गाडी घेऊन आले होते.

"काय झालं होतं तिला?"

"डोये पिवळे पडले. पोट फुगलं, पाय सुजले."

लिव्हर. डॉक्टरांना पुढचं ऐकायची गरज नव्हती. घरी सोडताना त्यांनी तिला बजावलं होतं, असं काही दिसलं तर लगेच ये, आतडं पुन्हा होतं तसं जोडून देईन.

"मग आणलं का नाही?"

"तिनंच शपथ घातली होती. म्हणे, डॉक्टर आतडं जोडून देतीन, अन् मी पुन्हा तशीच होईन."

"आणि ही कार्डं?"

"मी लिवली." दारातून अंग चोरून, आडवं होत धाकटी सुभद्रा बाहेर आली. "पुढच्या मयन्यात माहं ऑपरेशन हाये न. तुमाले समजलं असतं, तं तुमी केलं नसतं."

डॉक्टर खाटेवर टेकले. वजनाखेरीज त्यांनी कार्डावर कुणाला काही विचारलंच नव्हतं.

"तो निबंध मी वाचणार नाही. राहिलेल्या दहाजणींना उद्याच बोलावून घेतो, तपासतो. आणि सुभद्रा, तुझं ऑपरेशन होणार नाही. यापुढं कोणाचंच नाही."

सुभद्रा रडली नाही. तिनं पाण्याचा गिलास त्यांच्या हातात दिला.

"डॉक्टरसाहेब, आमची माय गेली तवा तिले उचलाले आठ जण लागले. अर्ध्या रस्त्यात तिरडी मोडली. लोकं तोंड दाबून हासले. ताईले चौघांनी नेलं. कोणी हासलं नाही."