पट्टीपट्टीनं

"कमी नेटवर चालायचा पर्याय नव्या अपडेटमध्ये काढून टाकलाय, मॅडम," पुण्याच्या ऑफिसातून नागेश फोनवर म्हणाला. "आता तुमचा जोडीचा फोटोही झकास दिसेल!"

दोन वर्षं शलाका वेंगुर्ल्याला माहेरी बसून पुण्याच्या ऑफिसातला आपला कॉम्प्युटर नेटवरून चालवत होती. इथलं नेट रडतखडत चालायचं, म्हणून डेस्कटॉपवरचा फोटो गाळून त्याजागी नुसता काळा पडदा यायचा. तो फोटो लग्नानंतर तिनंच हौसेनं लावला होता. पुढं त्याच नवऱ्याच्या मारझोडीपायी घर सोडलं. ऑफिसात हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता पडद्यावर वरून एकेक पट्टी उतरू लागली. आधी आभाळ, मग केस, मग कपाळ.

"अगं, बदलून टाक ना तो मेला फोटो!" दारातून आई करवादली.

"बदलायचा तर आधी तो पूर्ण उतरावा लागतो, आई. तोवर काहीच हलत नाही."

भुवया उतरल्या. शलाकानं खुर्ची मागं सरकवली. पाठ भिंतीला टेकली.

मग त्याचे डोळे आले, आणि नेट गेलं; पडदा तिथंच अडकला.