अर्ध्या मिशीची पैज

पैज लागली ती अर्ध्या मिशीची.

झालं असं, की तळमजल्यावरच्या शिंप्यानं एका संध्याकाळी अंगणात वरच्या मजल्यावरच्या नियमकाकांची नक्कल केली. गळ्यात टेप, पोट आत, एकेक पाऊल मोजून. सगळी इमारत हसत होती आणि नेमके काका मागे उभे. ते म्हणाले, माझ्या नियमांत हसण्यासारखं काय आहे? शिंपी कसला गप्प बसतोय. म्हणाला, तीन महिन्यांत तुम्हाला स्वतःवर हसवून दाखवतो.

इस्त्रीवाली मावशी पंच झाली. दर रविवारी पाच वाजता शिंप्यानं नक्कल करायची, काकांनी समोर खुर्ची टाकून बसायचं. हसले, की खेळ तिथेच बंद आणि काकांची अर्धी मिशी साफ. नाही हसले, तर शेवटच्या रविवारी शिंप्याची. भर अंगणात, सगळ्यांसमोर.

काका वजनमापं तपासायच्या खात्यातून रिटायर झालेले. दुकानदारांचे तराजू तपासता तपासता त्यांनी आयुष्यही तराजूत घातलं. निरोगी राहायचे चाळीस नियम स्वतः काढले, छापल्यासारख्या अक्षरात लिहिले आणि जिन्याच्या भिंतीला ओळीनं चिकटवले. घास बत्तीस वेळा चावावा. पायरी एक, श्वास एक. झोपताना डावा कान वर. हे पाळणारा आजारी पडूच शकत नाही, असं ते छातीठोक सांगायचे.

काकूंनी तीस वर्षं चाळीसच्या चाळीस पाळले. आणि पैज लागली त्याच आठवड्यात काकूंनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने, फार तर तीन.

शिंप्याला वाटलं, पैज संपली. पण रविवारी पाचला काका खुर्ची घेऊन हजर. ठरलं म्हणजे ठरलं.

शिंप्यानं नाइलाजानं सुरुवात केली. बत्तीस वेळा घास चावला, एकतिसाव्याला मोजणी चुकली म्हणून घास बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून. पोरंटोरं लोळायची बाकी राहिली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून काकूंना खोकल्याची उबळ आल्याचं ऐकू आलं. काकांचा चेहरा दगडासारखा, फक्त डोळ्यांत पाणी. खेळ संपताच ते जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले.

"पायरी एक, श्वास एक," शिंपी हळूच म्हणाला.

"औषधाची वेळ झाली असेल रे," मावशी म्हणाली.

त्यानंतर काकांचं काहीतरी बिघडलंच. जिन्यात नवे नियम चिकटायला लागले. शिंक आली तर आधी घरच्यांची परवानगी घ्यावी. राग आला तर चपला उलट्या घालून चालावं, राग तळपायातून उतरतो. चहा गार होईपर्यंत चहाकडे बघू नये, त्याला संकोच वाटतो. अक्षरही वेडंवाकडं. मावशीनं विचारलं तर काका म्हणाले, वय झालं, हात कापतो.

शिंप्याची चांदी झाली. असले नियम त्यानं स्वतः बसून रचले असते तरी जमले नसते. शिवाय चाळीसनंतर एकदम बेचाळीस. एक्केचाळिसावा गायबच. हरवलेला नियम जिनाभर रांगत शोधणारे काका, ही त्याची सगळ्यात गाजलेली नक्कल. काका तीसुद्धा ओठ आवळून बघत बसले. उलट त्यांनी शिंप्याला उभं राहायची जागा बदलायला लावली. नेमकी खिडकीखाली. म्हणे, इथे उजेड बरा.

दर रविवारी वर खोकला वाढत होता. शेवटी शिंप्याला राहवेना. तो काकांच्या दाराशी गेला.

"काका, हरलो मी. मिशी घ्या माझी. काकू वर खोकतात आणि खाली आमचे माकडचाळे. जनाची नाही तर मनाची तरी."

"तीन महिने ठरलेत."

"अहो, पण काकूंना त्रास..."

"रविवारी पाच वाजता," काका म्हणाले. "उशीर करू नकोस." आणि दार लावलं.

मावशीनं ते ऐकून डोक्याला हात लावला. बायको मरणाच्या दारात आणि हा बाबा मिशी सांभाळतोय, म्हणाली. त्या दिवसापासून तिनं काकांच्या शर्टांना इस्त्री केली, पण त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तीन रविवार उरले असताना काकू गेल्या.

पुढचे दोन रविवार अंगण रिकामं. खिडकी बंद. जिन्यात नवा नियम नाही.

शेवटच्या रविवारी शिंपी स्वतःच वस्तरा घेऊन अंगणात उतरला. हरलो ते हरलो, म्हणाला. माणसं जमली, पण थट्टा करणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मावशीनं पाण्याची वाटी आणून ठेवली.

बरोबर पाचला काका खाली आले. तोंडावर रुमाल. नेहमीच्या जागी खुर्ची टाकली, बसले आणि रुमाल काढला.

डाव्या बाजूची मिशी गुळगुळीत साफ होती.

"काका, हे काय?" शिंपी म्हणाला. "तुम्ही तर एकदासुद्धा हसला नाहीत. सगळे साक्षीला आहेत."

काकांनी खिशातून घड्या पडून विरलेला एक कागद काढला. "हा चिकटवायचा राहिला होता. पहिल्याच रविवारचा आहे. वाच, माझ्या आवाजात."

कागदावर तेच वेडंवाकडं अक्षर होतं. शिंप्यानं घसा खाकरला, पोट आत ओढून पाहिलं, पण काकांचा आवाज काही लागेना. मग त्यानं स्वतःच्याच आवाजात वाचलं.

"नियम एक्केचाळीस. अहो, खाली अजिबात हसायचं नाही, खेळ बंद होईल. हसू आवरेनासं झालं की पळत वर या, दार लावू आणि दोघं मिळून हसू."