फ्रिजले गरमी

फ्रिज गार होईना म्हणून मेकॅनिक धीरज भर दुपारी आंजी गावात डोमाजींकडे आला. डोमाजी बाहेरच्या खोलीत कूलरसमोर आडवे होते. सैपाकखोलीत फ्रिजजवळ घामानं निथळत त्यांच्या पत्नी शोभाबाई पोळ्या लाटत होत्या.

गॅस, दाराचं रबर, सगळं तपासून धीरज म्हणाला, "मशीन चांगली हाये. दार लय वेळ उघडं राहत असंन."

"मी तं जागचा हालत नाई. मंग कोन उघडते?" डोमाजी आतल्या दिशेनं ओरडले.

शोभाबाईंचं लाटणं थांबलं.

फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूला कणकेच्या बोटांचे ठसे होते. धीरजनं ते फडक्यानं पुसले.

"नाई काका, फ्रिजले गरमी होऊन राह्यली. कूलरचं तोंड सैपाकखोलीकडे करा."

डोमाजी लगेच उठले. फ्रिज महागाचा होता.