वायफायचं नाव

अंजूच्या लॅपटॉपवर अख्खी गल्ली दिसत होती. संगप्पा किराणा, गुंडप्पा होम, अण्णाराव फाइव्ह जी, एक नुसताच पाटील. सगळे बापे. दिसत नव्हतं ते फक्त स्वतःच्या घरचं वायफाय, आणि त्याचा डबा तर तिच्या डोक्यावरच, भिंतीला, हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता.

साडेदहा वाजून गेले होते. अकराला नांदेडच्या एका शिकवणीवाल्यांची मुलाखत होती. चाकुरात घरी बसून पोरांना गणित शिकवायचं काम. लग्नाला तीन वर्षं झाली, एम.एस्सी.ची गुणपत्रिका साड्यांच्या घडीखाली पडून होती, आणि हे पहिलं बोलावणं. पत्रात साफ लिहिलं होतं, लॅपटॉपवरूनच या, फोनवरून आलात तर घेणार नाही. मोबाइलची रेंज घरात एक काडी, तीही दारात उभं राहिलं तर. घरात वायफाय येऊन सहा महिने झाले, पण सुनेच्या फोनला ते जोडून द्यावं, हे कुणाला सुचलं नव्हतं.

उदगीरहून भावानं कालच धाडलेला तो लॅपटॉप तिनं बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. डब्याची पिन काढली, दहापर्यंत आकडे मोजले, परत लावली. वायफाय परत आलं तसा सासऱ्याचा फोन ओट्यावर टुणकन वाजला. लॅपटॉपला मात्र संगप्पाच दिसत राहिला.

दारात उभं राहून तिनं वायफाय बसवून गेलेल्या शिवमला फोन लावला.

"लॅपटॉप चांगला हाय ताई तुमचा," तो म्हणाला. "वायफायच लपवलेलं हाय. ते यादीत येत न्हाई. नाव हातानं टाकावं लागतं."

"मग सांग की नाव."

"मामांना इचारा. मला शपथ घातली हाय त्यांनी."

"वायफायच्या नावाची शपथ?"

"महादेवाची घातली, ताई. मी काय करू?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सासरे मन्मथप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. आडत बाजारात बोली लावताना यांचा आवाज तीन दुकानं पलीकडं जायचा.

"मामा, वायफायचं नाव काय ठेवलंय?"

पेपर हलला नाही. "तुला कामून पाहिजे?"

"लॅपटॉपला टाकायचंय. वीस मिनिटं राहिलीत माझी."

"संगप्पाचं माग की."

"संगप्पाकाका कुलूप लावून लातूरला गेलेत. तुमचा फोन द्या, त्यात दिसतंय."

मन्मथप्पांनी फोन उचलून बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला.

अंजूच्या मनात नको नको ते आलं. कपाळभर विभूती लावलेला माणूस, आणि सुनेला सांगता येऊ नये असलं नाव. "शिवी-बिवी ठेवलीय का, मामा?"

"शिवी कशाला ठिवतो पोरी." त्यांचा चेहरा पडला. "त्या शिवमनं इचारलं, नाव काय टाकू. मला वाटलं सातबाऱ्यावानी कागदावर राहात असंल. म्हनून हिचं टाकलं. मग तो म्हनतो, गल्लीत समद्यांच्या फोनवर दिसून राहिलंय. म्हनलं, लपव बाबा आधी."

ही म्हणजे नीलाबाई. आत भाकऱ्या थापत होती. चव्वेचाळीस वर्षांत मन्मथप्पांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. पाणी पाहिजे असलं की खाकरायचं, जेवण पाहिजे असलं की दोनदा खाकरायचं. बाई जन्मभर खाकरण्याला ओ देत आली. गाव याला मर्यादा म्हणतं. राबवून घेताना मर्यादा आड येत नाही, नाव घेतानाच बरी येते.

अंजू आत पळाली. तिनं नीला टाकलं. नीलाबाई टाकलं. सापडत नाही, असं लॅपटॉप दोन्ही वेळा म्हणाला. ती परत ओट्यावर आली.

"आत्यांचं नाव घेत न्हाई लॅपटॉप, मामा."

"ते न्हाई टाकलं." मन्मथप्पा पेपरात तोंड घालून बोलले. "नीला आमी ठिवलं, लग्नात. तिचं आधीचं टाकलंय. माहेरचं."

"काय होतं ते?"

मन्मथप्पा काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाई. दहा मिनिटं राहिली, मामा. ही गेली तर परत कुणी बोलावत न्हाई मला."

मन्मथप्पांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. पेपर खाली ठेवला. आणि बाजारातल्या आवाजात म्हणाले, "सिंधू."

आतला भाकरीचा आवाज थांबला. अंजू लॅपटॉपकडं धावली. नाव टाकलं, डब्याच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्ड टाकला. लागलं.

नीलाबाई पिठाच्या हातानं दारात आली. डोक्यावरचा पदर मनगटानं सारला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"माहेराहून कोन आलंय?"

"कुनी न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. "मीच."

ती उभीच राहिली. मग मन्मथप्पांनी पायात चपला घातल्या आणि काही काम नसताना बाजाराकडं चालू लागले.

मुलाखत पाऊण तास चालली. तेवढा वेळ नीलाबाई उंबऱ्यात बसून होती. भाजीवाला ओरडत आला, त्याला तिनं हातानंच पुढं घालवलं.

अंजू बाहेर आली ती पळतच. "आत्या, घेतलं मला. सोमवारपासून शिकवायचंय."

नीलाबाईनं पिठाचेच हात तिच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सुनेचे दोन्ही गाल पांढरे झाले.

"ते नाव तेवढं लिहून ठेवते वहीत," अंजू म्हणाली. "परत अडायला नको."

"काही लिहायचं न्हाई," नीलाबाई म्हणाली. "अडलं की त्यांलाच इचारायचं."